डोक्याकडून मऊ पडणारी कोळंबी: एका प्रक्रिया केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं आहे. शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. तळ्यांत वाढवलेली ही कोळंबी विकत घेऊन, डोक्यासकट अख्खी गोठवून, मोठ्या स्वयंपाकघरांना पुरवणारं एक मध्यम आकाराचं केंद्र होतं. केंद्राची किंवा तिथल्या माणसांची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

या जातीत डोकं आणि नांग्या मिळूनच निम्म्याच्या आसपास वजन भरतं, मोठ्या नरांमध्ये त्याहूनही जास्त. त्यामुळे डोकं काढून विकायचं म्हटलं की वजनाचा मोठा हिस्सा हातचा जातो. शिवाय अख्खी कोळंबी ताटात दिसायला देखणी आणि डोक्यातला पिवळसर-तांबूस ऐवज चवीला आवडणारे पुष्कळ. या दोन कारणांनी केंद्राचा सगळा धंदा ‘डोक्यासकट’ या एका शब्दावर उभा होता. पुढे जे निर्णय अवघड झाले ते याच्यामुळेच.

सुरुवातीची काही वर्षं माल जवळच्या तळ्यांतून यायचा. जाळं ओढल्यापासून काही तासांत कोळंबी केंद्रावर, बहुतेक जिवंत. मागणी वाढली तशी लांबची तळी जोडली गेली. तिथला माल क्रेटमध्ये बर्फाचे थर देऊन रात्रभराच्या प्रवासाने येऊ लागला. सकाळी उतरवायचा, निवडायचा, आकारानुसार वेगळा करायचा आणि ब्लास्ट फ्रीझरची (थंड वाऱ्याच्या झोताने गोठवणाऱ्या यंत्राची) ट्रॉली भरेपर्यंत बाजूला ठेवायचा. ट्रॉली भरायला कधी संध्याकाळ व्हायची. माल बर्फात आहे, म्हणजे काळजी नाही, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

तक्रार काय होती

‘मांस गिळगिळीत लागतं, चावायला काही उरतच नाही.’ पहिली तक्रार अशी आली आणि मग एकामागून एक येत गेल्या. वास चांगला, रंग चांगला, चवही ठीक, पण तोंडात घातल्यावर लगदा.

केंद्राला गोंधळात टाकणारी गोष्ट निराळी होती. एकाच लॉटचे खोके दोन स्वयंपाकघरांत गेले होते. एकाने हाक ना बोंब, दुसऱ्याने सगळा माल परत घ्या म्हणून निरोप पाठवला. विक्री विभागाचा कल साहजिकच ‘त्यांनाच शिजवता येत नाही’ असं म्हणण्याकडे होता. तो तर्क पूर्ण खोटा नव्हता, हे पुढे येईलच. पण त्या क्षणी तो तर्क स्वीकारला असता तर तपास तिथेच संपला असता.

आधी ज्या दिशेने गेले

गुणवत्ता विभागाने पहिला संशय जिवाणूंवर घेतला. नमुने तपासले, जिवाणूंची संख्या मर्यादेत होती. कुजण्याचा वास नाही, चिकटपणा नाही. इथे एक गोष्ट सांगायला हवी: जिवाणूंमुळे बिघडलेला मासळीचा माल आधी नाकाला कळतो. वास ताजा आणि पोत गेलेला, अशी जोडी दिसली की संशय जिवाणूंवरून उठवून प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातल्या एन्झाइम्सवर न्यायचा. ही जोडी पहिल्याच तक्रारीत लिहिलेली होती. वाचली सगळ्यांनी, पण तिच्याकडे खूण म्हणून कुणी पाहिलं नाही.

मग उत्पादन विभागाने सोडियम मेटाबायसल्फाइटची मात्रा वाढवायचा प्रस्ताव आणला. कोळंबीला हे रसायन काळे डाग पडू नयेत म्हणून लावतात. काळे डाग पडतात ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे. ते फिनॉल गटातल्या संयुगांचं ऑक्सिडीकरण करतं आणि शेवटी मेलॅनिन तयार होतं. सल्फाइट ती साखळी अडवतं. मांसातली प्रथिनं कापणारी एन्झाइम्स हा वेगळा कारभार आहे आणि डाग रोखण्याच्या मात्रेत सल्फाइट लावून तो थांबत नाही. मात्रा वाढवली असती तर सल्फाइटचा अंश वाढला असता आणि त्याची ॲलर्जी असलेल्या, विशेषतः दम्याच्या, माणसांना धोका वाढला असता. पोत होता तसाच राहिला असता.

दुसरा प्रस्ताव फॉस्फेटच्या द्रावणात भिजवण्याचा होता. फॉस्फेटमुळे स्नायूंची प्रथिनं पाणी जास्त धरून ठेवतात, मांस रसरशीत लागतं. पण पाणी धरायला प्रथिनांची जाळी जागेवर असावी लागते. इथे ती जाळीच तुटत होती. हा प्रस्ताव कागदावरच राहिला हे चांगलं झालं.

निदान: कुठे मऊ आहे ते आधी पाहा

मला बोलावलं तेव्हा केंद्राने अहवालांची जाडजूड फाइल समोर ठेवली. मी परत आलेला खोका मागितला.

वितळलेल्या कोळंब्या एका ओळीत मांडल्या, डोकी काढली, कवचं सोलली आणि प्रत्येकीचं मांस अंगठ्याने दाबत गेलो, डोक्याकडून शेपटीकडे. शेपटीच्या पहिल्या खंडावर अंगठा टेकताच मांस दोन्ही बाजूंना सरकलं. तंतू वेगळे होऊन पेस्टसारखे बोटाला लागले. दुसऱ्या खंडावर थोडा विरोध जाणवला. चौथ्या-पाचव्या खंडावर मांस दाबलं तर दबत होतं आणि सोडल्यावर पुन्हा वर येत होतं. ओळीतल्या बहुतेक कोळंब्यांचं हेच. नादुरुस्ती डोक्याच्या बाजूला सुरू होऊन शेपटीकडे विरळ होत गेलेली.

या एका तपासणीने बाकीचे संशय बाजूला झाले. कात टाकल्यावर कोळंबी मऊ असते, पण ती अख्खी सारखी मऊ असते, मांस पाणचट असतं आणि कवचही दाबलं की आत जातं. सूक्ष्मबीजाणू गटातल्या परजीवींचा संसर्ग असेल तर मांस कापसासारखं पांढरं, अपारदर्शक दिसतं. पकडताना प्राण्यावर फार ताण आला तरी स्नायूत पांढरट पट्टे येतात. इथे मांस पारदर्शक होतं, कवच कडक होतं आणि मऊपणाला दिशा होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाणारा बिघाड म्हणजे त्या टोकाशी काहीतरी झिरपतंय.

आणि त्या टोकाशी काय असतं? पाचकग्रंथी.

डोक्यात बसलेला कारखाना

ज्याला आपण कोळंबीचं डोकं म्हणतो ते खरं तर डोकं आणि छाती एकत्र झालेला भाग. त्याच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या पहिल्या खंडाला जवळजवळ टेकून, हेपॅटोपँक्रियाज नावाची मोठी ग्रंथी असते. खाणाऱ्यांना आवडणारा तो पिवळसर-तांबूस ऐवज म्हणजे मुख्यतः हीच. आपल्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड जी कामं वेगवेगळी करतात ती ही एकटी करते: पाचक एन्झाइम्स तयार करणं, पचलेलं शोषणं, चरबी साठवणं. असंख्य बारीक, एका टोकाला बंद असलेल्या नळ्यांची ती बनलेली असते. नळ्यांच्या भिंती अतिशय नाजूक.

कवचधारी प्राण्यांच्या पचनाची एक खासियत या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यांच्याकडे आपल्यासारखं आम्लाने भरलेलं जठर नाही, पेप्सिनही नाही. सगळी मदार ग्रंथीतून येणाऱ्या ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारख्या एन्झाइम्सवर, आणि काही जातींत कॅथेप्सिनवर. ही एन्झाइम्स सौम्य आम्ल ते सौम्य अल्कली अशा वातावरणात काम करतात. मेलेल्या कोळंबीच्या मांसाचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण त्याच पट्ट्यात असतो. म्हणजे ग्रंथी फुटून रस मांसात उतरला तर त्याला काम सुरू करायला कसलीच अडचण नाही.

त्याहून महत्त्वाचं असं की या ग्रंथीतली काही सेरीन प्रोटीएज (प्रथिनं कापणाऱ्या एका गटातली) एन्झाइम्स अखंड कोलाजेन कापू शकतात. कोलाजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. आपलं ट्रिप्सिन या पिळाला सहसा हात लावू शकत नाही. कवचधाऱ्यांचं हे सामर्थ्य १९६९ मध्येच खेकड्यांच्या पाचकग्रंथीवरच्या कामातून पुढे आलं होतं. कोळंबीच्या मांसात कोलाजेनचं प्रमाण थोडं, पण काम मोठं: स्नायूंच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारं आवरण त्याचंच असतं. ते आवरण कापलं गेलं की तंतू शाबूत असले तरी सुटे होतात. अंगठ्याखाली मांस सरकतं ते यामुळे. पुढे ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स तंतूंमधली प्रथिनंही कापू लागली की लगदा पूर्ण होतो.

कोळंबी जिवंत असताना हे सगळं नळ्यांच्या आत, ताब्यात असतं. मेल्यावर पेशींना ऊर्जा मिळत नाही, पडदे ढिले होतात आणि रस बाहेर पडायला लागतो. पहिला बळी पहिला खंड.

बर्फ ही क्रिया मंदावतो, थांबवत नाही. एन्झाइमची क्रिया दर १० अंशांच्या उतारावर साधारण निम्मी किंवा त्याहून कमी होते. तरीही शून्याजवळ ती शून्य होत नाही, विशेषतः थंड रक्ताच्या प्राण्यांच्या एन्झाइम्सची. रात्रभरचा प्रवास आणि दिवसभरची प्रतीक्षा मिळाली की ‘मंद’ क्रियाही भरपूर काम उरकते.

गोठवल्याने मात्र नवी अडचण उभी राहते. हळू गोठवलं की पेशींमध्ये बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पडदे फाडतात. उणे १८ अंशांवर एन्झाइम जवळपास निपचित पडून असतं, पण नष्ट होत नाही. माल वितळला की फाटलेल्या ग्रंथीतून सगळा रस एकदम मोकळा होतो. केंद्रातून माल निघताना तो ठीक वाटायचा आणि स्वयंपाकघरात पोचून वितळल्यावर बिघडायचा, त्याचं उत्तर यात होतं.

दोन स्वयंपाकघरांचं कोडं

तक्रार न करणारं स्वयंपाकघर कोळंबी अर्धवट वितळल्यावर डोकं काढायचं आणि खळखळत्या पाण्यात टाकायचं. तक्रार करणाऱ्या ठिकाणी ती रात्रभर फ्रिजमध्ये डोक्यासकट वितळायची. मग अख्खी कोळंबी पिशवीत बंद करून ५५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाऊण तास ठेवली जायची. मांस मऊसूत राहावं, आटू नये, हा हेतू. मंद आचेचं हे तंत्र इतर मांसाला उत्तम लागू पडतं.

पण कवचधाऱ्यांचं ट्रिप्सिन ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यातच सर्वांत जोमाने काम करतं. ७० च्या वर ते झपाट्याने निकामी होतं. म्हणजे त्या शेफने नकळत एन्झाइमला हवं तेच तापमान, हवा तितका वेळ, आणि ग्रंथीही शेजारीच दिली होती. लॉबस्टर मंद आचेवर शिजवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यातले जाणते आधी त्याला उकळत्या पाण्याचा झटका देतात.

विक्री विभागाचा तर्क इथे अर्धा खरा ठरला. स्वयंपाकघराच्या पद्धतीने बिघाड वाढला होता. पण त्याला लागणारा मालमसाला केंद्रातूनच गेला होता: रात्रभर डोक्यासकट बर्फात राहिलेली, हळू गोठलेली कोळंबी. या दोन्ही बाबी एकत्र मान्य करणं हा प्रकरणातला पहिला अवघड क्षण होता. व्यवस्थापकांनी तो निभावला. शेफना फोन लावून ‘तुमची पद्धत चुकीची’ असं न म्हणता ‘आमच्या मालात काय होतंय ते शोधतोय, तुमची पद्धत नीट सांगाल का’ असं विचारलं. त्यामुळे तापमान आणि वेळेचे खरे आकडे हाती आले. आधी दोष दिला असता तर ते कधीच मिळाले नसते.

खात्री करून घेणं

तर्क पटला तरी केंद्रातल्या मंडळींना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि ते योग्यच होतं. खर्चिक प्रयोगशाळेची गरज नव्हती.

साधं जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून लहान वाट्यांत ओतलं आणि थंड खोलीत जमवलं. जिलेटिन म्हणजे उकळून पीळ सुटलेलं कोलाजेनच. एका वाटीवर ताज्या ग्रंथीचा थेंबभर रस ठेवला, दुसरीवर तोच रस आधी उकळून आणि गार करून, तिसरीवर नुसतं पाणी. सकाळी पाहिलं तेव्हा पहिल्या वाटीत थेंबाच्या जागी खड्डा होता, त्यात पातळ पाणी साचलेलं. वाटी कलती केली तर ते वाहिलं. उकळलेल्या रसाची वाटी आणि पाण्याची वाटी जशी ठेवली तशीच, पृष्ठभाग सपाट.

उकळलेल्या रसाची ती वाटी महत्त्वाची. ती नसती तर ‘रस पातळ असतो, म्हणून जेली भिजली’ असं कुणीही म्हणालं असतं. उकळल्यावर परिणाम नाहीसा झाला, म्हणजे काम करणारी गोष्ट उष्णतेने मोडणारी आहे, एन्झाइम आहे. निवड टेबलावर काम करणाऱ्या बायकांनी त्या वाट्या हातात घेऊन पाहिल्या, आणि त्यानंतर डोकं फुटलेली कोळंबी बाजूला काढायला त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा खर्च तो जिलेटिनचा पुडा होता.

दुसरी तपासणी कोळंबीवरच केली. एकाच तळ्यातला, एकाच ओढीचा माल तीन भागांत केला. एका भागाची डोकी मारल्याबरोबर काढून मांस धुतलं. दुसऱ्याची डोकी तशीच ठेवली. तिसऱ्याची काही तासांनी काढली. तिन्ही बर्फात ठेवून रोज दाबून पाहिले. पहिला भाग घट्ट राहिला, दुसरा अपेक्षेप्रमाणे पुढून मऊ पडत गेला. तिसरा मधे कुठेतरी असेल असं वाटलं होतं, पण तो दुसऱ्याच्या जवळ निघाला. डोकं उशिरा काढून फारसा फायदा होत नाही. रस तोपर्यंत पहिल्या खंडात उतरलेला असतो, आणि डोकं पिळवटून काढताना ग्रंथी फुटली तर उरलासुरलाही मांसाला लागतो.

क्रेटच्या तळातल्या कोळंब्यांचंही एक निरीक्षण झालं. वरच्या थरांच्या भाराने त्यांची डोकी चेपलेली असायची आणि त्यांतच मऊपणा सर्वांत पुढे गेलेला दिसायचा. त्याकडे आधी कुणी पाहिलं नव्हतं, कारण निवडताना क्रेट उलटा केला जायचा आणि थर मिसळून जायचे.

समोरचे पर्याय

सरळ उपाय एकच: तळ्यावरच डोकं काढा, ग्रंथीचा अंश धुऊन टाका. तंत्रदृष्ट्या याला तोड नाही. पण केंद्राचा धंदाच अख्ख्या कोळंबीचा, म्हणून व्यवस्थापक याला तयार नव्हते आणि मीही आग्रह धरला नाही.

दुसरा पर्याय प्रोटीएज रोखणाऱ्या पदार्थांचा. सुरिमी बनवताना अंड्याचा पांढरा भाग, बटाट्यातली किंवा दुधाच्या निवळीतली प्रथिनं यासाठी वापरतात. सोयाबीनमधला ट्रिप्सिनरोधकही माहितीचा आहे. पण सुरिमी म्हणजे वाटलेलं मांस, त्यात पदार्थ सगळीकडे मिसळतो. अख्ख्या कोळंबीत तो कवच ओलांडून ग्रंथीपर्यंत पोचवायचा कसा? वर अंडं आणि सोया हे दोन्ही ॲलर्जीचे पदार्थ, लेबलवर लिहावे लागणार. हा पर्याय चर्चेतच मागे पडला.

तिसरा, वेळ कापणं. लगेच मारणं, लगेच थंड करणं, लगेच आणि जोरात गोठवणं. यात नवं काही नाही म्हणून तो सुरुवातीला कुणाला ‘उपाय’ वाटतच नव्हता.

चौथा, गोठवण्याआधी अख्खी कोळंबी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून एन्झाइम मारणं. हा सर्वांना आवडला आणि इथेच केंद्र घसरलं.

काय केलं

बुडवण्याची वेळ ठरवताना उत्पादन विभागाने कच्ची कोळंबी कच्चीच दिसावी असा प्रयत्न केला. कवच तांबूस व्हायला लागलं की बाहेर. लहान कोळंबीत हे जमून गेलं. मोठ्या कोळंबीत पोत आधीपेक्षा बिघडला. कारण ग्रंथी जाड डोक्याच्या आत असते. वरचं कवच उकळत्या पाण्याला लागलं तरी आतलं तापमान तेवढ्या वेळात एन्झाइम मरण्याइतकं चढत नाही. ते ४५-५५ अंशांपर्यंत जातं, ग्रंथीच्या पेशी फुटतात, एन्झाइम ऐन भरात येतं आणि कोळंबी तशीच कोमट टेबलावर निथळत ठेवली जाते. अर्धवट उष्णता ही उष्णता न देण्याहून वाईट.

मोठ्या कोळंबीच्या ग्रंथीत मापकाची सुई घालून तापमान पाहिल्यावर हे सगळ्यांना पटलं. मग दोनच रस्ते उरले: ग्रंथीच्या मध्यापर्यंत ७० च्या वर नेऊन लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि माल ‘शिजवलेला’ म्हणून विकायचा, किंवा उष्णता अजिबात द्यायची नाही. अधलामधला रस्ता बंद केला गेला.

अखेरीस माल दोन वाटांनी न्यायचा ठरलं.

लांबच्या तळ्यांचा माल तळ्याशेजारीच डोकं काढून, गार स्वच्छ पाण्याने धुऊन, बर्फात आणायचा. डोकं काढताना पिळायचं नाही, कवचाखाली अंगठा घालून ग्रंथीसकट उचलायचं. पहिल्या खंडावर पिवळा अंश राहिला आहे का ते पाहायचं.

अख्ख्या कोळंबीसाठी फक्त जवळची तळी. जाळ्यातून थेट बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात, म्हणजे ती तडफडत न राहता झटक्यात मरते आणि गारही होते. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर ठेवली तर हवेच्या फटी राहतात आणि थंडी हळू पोचते. पाण्यातला बर्फ सगळीकडून लागतो. क्रेट उथळ केले, थर कमी केले. डोकं चेपलेली किंवा नुकती कात टाकलेली कोळंबी तिथेच वेगळी. केंद्रावर ट्रॉली भरण्याची वाट न पाहता अर्धी ट्रॉलीही फ्रीझरमध्ये जाऊ लागली, आणि ट्रेवर एकच थर, म्हणजे थंड वारा प्रत्येकीला लागतो.

या शेवटच्या बदलावर सर्वांत जास्त वाद झाला. अर्धी ट्रॉली चालवणं म्हणजे विजेचा खर्च तोच आणि माल निम्मा. फ्रीझर सांभाळणाऱ्या काकांचा विरोध त्यांच्या जागी बरोबर होता, त्यांच्याकडे युनिटचा हिशेब मागितला जायचा. तोडगा असा निघाला की तळ्यावरच्या ओढीची वेळ फ्रीझरच्या वेळापत्रकानुसार ठरवायची. माल जेव्हा येईल तेव्हा गोठवण्याऐवजी, गोठवता येईल तेव्हाच माल काढायचा. कोळंबी तळ्यात जिवंत थांबू शकते, मेल्यावर बर्फात थांबू शकत नाही, हे काकांनीच बैठकीत म्हटलं आणि वाद मिटला.

खोक्यावर सूचना छापली: डोक्यासकट पूर्ण वितळू देऊ नका, डोकं बर्फ धरलेलं असतानाच काढा आणि पहिला खंड धुवा, मंद आचेवर शिजवायची असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढा. विक्री विभागाला ही सूचना म्हणजे आपणच आपला दोष जाहीर करणं वाटत होतं. व्यवस्थापकांनी ती छापलीच.

परिणाम

जवळच्या तळ्यांच्या अख्ख्या कोळंबीबद्दलच्या तक्रारी जवळपास थांबल्या. डोकं काढलेल्या मालाचा पोत सर्वांत खात्रीचा निघाला. ज्या शेफने सगळा माल परत पाठवला होता त्यांनी मंद आचेचं तंत्र सोडलं नाही, पण डोकं आधी काढून, शेपटीच्या मांसाला उकळत्या पाण्याचा झटका देऊन मग पिशवीत घालू लागले. ते आजही ग्राहक आहेत. त्यांना डोकं वेगळं हवं असतं, ते वेगळ्या पिशवीत गोठवून दिलं जातं.

सगळंच जमलं असं नाही. अख्ख्या कोळंबीचा साठा कमी झाला आणि दोन जुने ग्राहक दुसरीकडे गेले. सर्वांत मोठ्या आकाराच्या कोळंबीत अधूनमधून पहिला खंड मऊ निघतोच. मोठ्या डोक्याला गार व्हायला आणि गोठायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ग्रंथी आपलं काम करते. त्या आकाराची कोळंबी डोक्यासकट विकावी का, यावर केंद्रात अजून एकमत नाही. माझं मत विकू नये असं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तक्रारीनंतर जिवाणूंचे अहवाल मागवण्याआधी एक कोळंबी सोलून डोक्याकडून शेपटीकडे दाबून पाहिली असती तर दोन महागडे प्रस्ताव टेबलावर आलेच नसते. प्रयोगशाळेला ‘बिघडलंय का’ हा प्रश्न विचारला गेला. ‘कुठून बिघडलंय’ हा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हताच, तो निवड टेबलाचा होता.

लांबची तळी जोडतानाच प्रवासाच्या वेळेचा हिशेब पोताशी जोडायला हवा होता. तेव्हा फक्त तापमान पाहिलं गेलं. नोंदवहीत बर्फ भरपूर, तापमान शून्याजवळ, सगळं नियमात. मारल्यापासून गोठवण्यापर्यंत किती वेळ गेला याचा रकानाच नव्हता. आता आहे, आणि दर लॉटला तळ्यावरचा माणूस जाळं ओढल्याची वेळ लिहून पाठवतो.

उकळत्या पाण्याच्या प्रयोगात सुईचं मापक शेवटी आलं, ते पहिल्या दिवशी यायला हवं होतं. कवचाचा रंग हे आतल्या तापमानाचं माप नाही. कवचातलं ॲस्टॅक्सँथिन नावाचं रंगद्रव्य उष्णतेने प्रथिनापासून सुटलं की रंग तांबूस होतो, ते कवचात होतं आणि लवकर होतं. ग्रंथी त्याच्या कितीतरी मागे असते.

आणि तळ्यावर डोकं काढणाऱ्या मंडळींना हातमोजे सुरुवातीपासून द्यायला हवे होते. दिवसभर ग्रंथीचा रस हाताला लागून बोटांची कातडी सोलवटायला लागली, तेव्हा लक्षात आलं. जे एन्झाइम कोलाजेन कापतं ते माणसाच्या कातडीलाही सोडत नाही, आणि काटेरी कवचाने हाताला ओरखडे तर रोजचेच. हातमोजे आता दर पाळीला नवे मिळतात, आणि रस लागला तर साबणाने हात धुवायला तळ्यावर पाण्याची टाकी बसवली आहे.